तेवीस नंबर, उजवा सड

३ मार्च

वहिनी,

पाकिटावरचा पत्ता आमच्या शिपायाकडून लिहून घेतलाय. माझं अक्षर दिसलं असतं तर तू पाकीट न उघडताच कचऱ्यात टाकलं असतंस, आणि मी तुझ्या जागी असते तर मीही तेच केलं असतं. आता उघडलंच आहेस तर वाच. मी तुझी नणंद. तू जिला वहीबाई म्हणायचीस ती. नऊ वर्षं तोंड दाखवलं नाही आणि आज कुठून उगवली ही, असं म्हणशील. म्हण. तुझ्या मावशीनं पत्ता देण्याआधी मला चांगलं अर्धा तास फैलावर घेतलं, तेव्हा सवय झालीय.

काम तसं साधं आहे. एक शंका विचारायचीय.

माझ्या प्रबंधासाठी मी घरच्या चाळीस मेंढ्यांच्या दुधाचे नमुने घेतले होते, तुला ठाऊकच आहे. रोज सकाळी, प्रत्येक मेंढीच्या दोन्ही सडांचं वेगळं दूध, असे चोवीस दिवस. दोन हजाराला ऐंशी कमी एवढ्या नळ्या झाल्या. त्या मी फेकल्या नव्हत्या. आमच्या प्रयोगशाळेच्या फ्रीजरमध्ये त्या अजून आहेत, मी कुठली वस्तू फेकते का? आता आमच्याकडे नवीन मशीन आलंय. दुधातल्या प्रथिनांचे तुकडे करून ते एकेक तुकडा तोलतं आणि हे कुठलं प्रथिन, कुठल्या प्राण्याचं, ते सांगतं. कासेला सूज दिसायच्या आधीच दुधात दगडीची, म्हणजे कासेच्या आजाराची, चाहूल लागते का, हे त्यावर बघायचं आमच्या मॅडमच्या मनात आलं. जुन्या नळ्या आयत्याच होत्या, म्हणून काढल्या.

मशीन चालवणारे एरवी हॉस्पिटलमधलं रक्त तपासतात. त्यामुळे सवयीनं त्यांनी मेंढीच्या यादीबरोबर माणसाची यादीही लावून ठेवली. गेल्या आठवड्यात मला हाक मारली. "ताई, हे दूध मेंढीचंच ना?"

मी म्हटलं, "नाही, माझं आहे. अहो, मेंढीचंच!"

ते हसले नाहीत. त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला.

आता माणसाच्या कातडीचं प्रथिन प्रत्येक नमुन्यात निघतंच. नळी कोणीतरी धरलेली असते. आम्ही ते धुळीसारखं गाळून टाकतो आणि पुढे जातो. पण त्याच्याखाली जी नावं होती ती कातडीची नव्हती. ती फक्त दुधात असतात. बाईच्या दुधात.

मी खुर्ची पुढे ओढून ती नावं पुन्हा वाचली. मग मी म्हटलं मशीन बिघडलंय, पुन्हा लावा. पुन्हा लावलं, तेच. न उघडलेल्या दुसऱ्या नळ्या काढल्या, त्यातही तेच. पहिल्या दहा दिवसांच्या नळ्यांत ते अजिबात नाही. अकराव्या दिवसापासून पुढे आहे. अकराव्या दिवसापासून धार तू काढत होतीस.

तर शंका एवढीच, की त्या चौदा दिवसांत शेडमध्ये दुसरी कोणी बाई येत होती का? अंगावर पाजणारी? हो किंवा नाही, एवढं कळव.

तुझी
वहीबाई

ता. क. तेवीस नंबर, उजवा सड, तुझा चौथा दिवस. त्या नळीत मेंढीचं दूध जवळपास नाहीच. हाताला लागून लागून किती लागेल? हे मला काही केल्या कळत नाहीये.


९ मार्च

वहिनी,

तुझं उत्तर आलेलं नाही. माझं पत्र पोचून दोनच दिवस झाले असतील, पण माझ्यात दम कुठे आहे.

मी तुला खोटं विचारलं. दुसरी कोणी बाई येत नव्हती, मला पहिल्या क्षणीच कळलं होतं. घरी येऊन आईला फोन केला. काही प्रस्तावना न करता विचारलं, "वहिनीला तेव्हा दूध आलं होतं?"

आईनं आधी रेडिओ बारीक केला. मग म्हणाली, "येतंच की. मूल गेलं म्हणून दूध थांबतं होय? आपोआप आटतं."

"आणि ताप?"

"असेल. थंडी वाजत होती तिला."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुझं लग्न नव्हतं झालेलं. आणि तू विचारलंस कुठे? तू आपली मेंढ्यांचं विचारत होतीस."

वहिनी, मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जमिनीवर बसले. ओट्यावर दूध उतू गेलं तरी उठले नाही.

खरं सांगू? दूध सापडलं एवढंच नाही. त्याबरोबर आणखी काही प्रथिनं आहेत, माणसाचीच. अंगात जंतू शिरले की पांढऱ्या पेशी जी बाहेर टाकतात ती. ती रोज वाढत गेलीत. मेंढ्यांमध्ये मी जी शोधत होते, अगदी तीच, फक्त तुझी. मी ज्या आजाराचा अभ्यास करायला गावभर शहाणपणा मिरवत आले होते तो आजार तुला झाला होता. मी रोज सकाळी चाळीस कासांना हात लावून बघत होते, गरम आहे का, कडक आहे का, मेंढी पाय झाडते का, आणि सगळं नीट वहीत लिहीत होते. तू माझ्यापासून हातभर अंतरावर स्टुलावर बसली होतीस. तू एकदा म्हणालीस, "आज जरा हळू घे गं, मला खाली वाकवत नाहीये." मी म्हणाले, "नमुने गरम होतात, पटापट आवर."

पाच दिवसांची बाळंतीण. बाबांनी सांगितलं होतं कामात मन रमेल, आणि आम्ही सगळ्यांनी मान डोलावली. तुझ्या मुलीला आम्ही कोणी मुलगीसुद्धा म्हणालो नाही. "झालं ते झालं," एवढंच म्हणत राहिलो.

दादाला विचारलं. तो म्हणाला, "आता कशाला उकरून काढतेस?" म्हणजे त्यालाही माहीत होतं. मी एकटीच बिनडोक, आणि मीच घरातली शास्त्रज्ञ.

वहीबाई


१५ मार्च

वहिनी,

हे पत्र बसून वाच.

मागचं पत्र टाकलं तेव्हा मला वाटलं, याहून वाईट आता काही निघणार नाही. मी मनात अशी गोष्ट रचून ठेवली होती की तुला आजार झाला, तो तुझ्या हातून मेंढ्यांना गेला, तुझा बिचारीचा काय दोष. बघ, तेव्हाही दोष तुझ्याच हातावर ठेवून मी वर दया दाखवत होते. मग मी मेंढ्यांचे आकडे दिवसांप्रमाणे लावले.

दूध पांढरंशुभ्र दिसतं, कास मऊ असते, तरी त्या प्रथिनांवरून सूज दिसायच्या आठ-दहा दिवस आधी दगडी ओळखता येते. तेव्हा आमच्याकडे हे मशीन नव्हतं, मी डोळ्यांनी बघत होते. आता पहिल्या दिवसापासून बघितलं. पहिल्या दिवशी फक्त सात नंबर आजारी. तिसऱ्या दिवशी आठ. चौथ्या दिवशी नऊ आणि दहा. मग अकरा, बारा, तेरा. कानातले बिल्ले मोजत गेल्यासारखी पुढे सरकलीय. सहा नंबरला काही झालं नाही. पाचला नाही. दहाव्या दिवशी ती एकोणीस नंबरपर्यंत पोचली होती, आणि तू शेडमध्ये आलीस अकराव्या दिवशी.

आधीचे दहा दिवस, बाळंतपणाच्या आधीपासूनच, तू दवाखान्यात आणि अंथरुणात होतीस. तेव्हा धार मी काढत होते.

मेंढ्यांना आपला नंबर कळत नाही, वहिनी. नंबर मला कळतो. वहीत रकाने एकाखाली एक होते, म्हणून मी एकापासून चाळीसपर्यंत क्रमानं धार काढायचे. सातची झाली की आठची. मी हात साबणानं धुवायचे, वर रबरी मोजे घालायचे आणि त्याचा मला केवढा तोरा होता! चाळीस मेंढ्यांना मोज्यांची एक जोडी. मोजे माझे हात स्वच्छ ठेवत होते.

सूज दिसायला लागली ती तू आल्यावर. म्हणून मी अहवालात लिहिलं: "दूध काढणाऱ्या व्यक्तीच्या हातांची अस्वच्छता." दूध केंद्राच्या हॉलमध्ये तो मी माईकवर वाचला. तू शेवटच्या रांगेत बसली होतीस. लोकांनी वळून तुझ्या हातांकडे बघितलं, तू ते मांडीखाली घेतलेस. मी हे बघितलं होतं, वहिनी. आणि पुढचं पान उलटलं होतं.

सातपासून सव्वीसपर्यंत वीस मेंढ्या काढून टाकाव्या लागल्या. बाबांनी तुला कळपाला हात लावू दिला नाही. दोन महिन्यांनी तू पिशवी घेऊन निघालीस आणि दादा दारात नुसता उभा राहिला. तो अहवाल म्हणजे माझा पहिला छापून आलेला लेख. त्यावर मला ही नोकरी लागली. माझ्या खुर्चीच्या मागे भिंतीवर तो काचेत लावलेला आहे. होता. आज काढला.

मला उत्तर दे गं. शिव्या दे, पण दे.

वहीबाई


२२ मार्च

वहिनी,

जुनी वही घरून मागवली. अकरावा दिवस उघडला. समासात माझ्याच हिरव्या शाईत लिहिलंय: "वहिनी म्हणते नंबर सोड, दुखरी शेवटी घे, आधी चांगल्यांची धार काढू. अशास्त्रीय." आणि अशास्त्रीय या शब्दाखाली दोन रेघा. एकीनं माझं समाधान झालं नव्हतं!

मला हे आठवत नव्हतं. शपथेवर सांगते, पुसून गेलं होतं डोक्यातून. सूज डोळ्यांना दिसायच्या आधीच तुझ्या हाताला दुखरी कास कळत होती, तू सांगितलं होतंस आणि मी ते लिहूनही ठेवलं होतं. तुझं ऐकलं असतं तर एकोणीसवर थांबलं असतं, पुढच्या सात मेंढ्या वाचल्या असत्या.

आता पुढचं. मॅडमला सगळं सांगितलं. मला वाटलं त्या चिडतील. त्यांचे डोळे चमकले. म्हणाल्या, "एकाच शेडमध्ये, एकाच वेळी, बाई आणि मेंढी, दोघींना तोच आजार! आणि दोघींचं दूध आपल्याकडे! अगं, असा नमुना शोधून सापडणार नाही." मी म्हटलं, "मॅडम, नमुना नाही, माझी वहिनी आहे ती." त्या म्हणाल्या, "नाव कुठे घालतोय आपण?" मी सांगितलं की ते आकडे मी देणार नाही. मग आमची चांगलीच जुंपली, सगळा मजला ऐकत होता. माझं काय व्हायचं ते होईल.

मी ठरवलंय ते असं. जुना अहवाल चूक होता हे मी छापून देणार. आणि दोन एप्रिलला त्याच हॉलमध्ये, त्याच माईकवर वाचणार: क्रम माझा, मोजे माझे, चूक माझी. तुझ्या दुधाचं, तापाचं अवाक्षर काढणार नाही. तुझं कधी कोणाला कळणार नाही, हा माझा शब्द.

वहीबाई


२८ मार्च

वहीबाईस,

चारही पत्रं मिळाली. पहिलं दोन दिवस कपाटावर न उघडता ठेवलं होतं. शिपायाकडून अक्षर बदलून घेतलंस, शाई हिरवीच ठेवलीस. हुशार आहेस.

मी बरी आहे. मोठ्या हॉस्पिटलच्या धुलाई विभागात आहे, चादरी असतात. हाताखाली सहा बायका आहेत. माझे हात कोणी बघत नाही.

तुला कळत नाहीये ते सांगते. हाताला लागून एवढं दूध नळीत जात नाही, तुझं बरोबर आहे. तेवीस नंबरचा उजवा सड त्या सकाळी आटला होता. चार वेळा ओढून बघितलं, थेंब नाही. आदल्या दिवशी एक नळी अर्धी राहिली तर तू केवढी आदळआपट केली होतीस, रकाना रिकामा राहतो म्हणून. तू बर्फ आणायला बाहेर गेली होतीस. माझे कपडे सकाळपासून दोनदा भिजले होते, ठणका डोक्यात जात होता. नळी हातातच होती. मी भरली, झाकण लावलं आणि तू आल्यावर तुला दिली. तू उजेडात धरून बघितलीस आणि म्हणालीस, "बघ, काढलं की निघतं."

मी हसले होते. तुझं लक्ष नव्हतं. आठ दिवस ते दूध मोरीत जात होतं, निदान एक दिवस कोणीतरी ते जपून बर्फात ठेवलं, असं तेव्हा वाटलं. वेडच लागलं होतं म्हण.

तुझा शब्द मला नको. कोणाला कळणार नाही म्हणे! तेव्हाही सगळ्यांनी हेच केलं होतं. माझं नाव घालू नकोस. पण तिथे एक बाई होती, पाच दिवसांची बाळंतीण होती, तिला ताप होता आणि तिनं दुखरी शेवटी घे म्हणून सांगितलं होतं, एवढं लिही. मॅडमला हवं तर आकडेही दे, पण मी सांगितलं म्हणून दे. हॉलमध्ये वाचशील तेव्हा मोठ्यानं वाच. शेवटच्या रांगेत नीट ऐकू येत नाही.

माफीचं नंतर बघू. आता काही येत नाही मनात.

त्या नळीतलं काही उरलंय का, ते कळव.

वहिनी


६ एप्रिल

वहिनी,

तुझं पत्र जिन्यातच उघडलं आणि तिथेच बसले. वरून मॅडम आल्या, म्हणाल्या, "काय झालं?" मी पत्रच त्यांच्या हातात दिलं. त्यांनी वाचलं, दोनदा वाचलं, माझ्याशेजारी पायरीवर बसल्या. मला बरं वाटलं नाही, पण मी एकटी नव्हते.

हॉलमध्ये वाचलं. तू लिहिलंस तसंच, तुझ्याच शब्दांत, मोठ्यानं. पाच दिवसांची बाळंतीण म्हटल्यावर पुढच्या रांगेतल्या बायकांनी तोंडावर हात ठेवले. दादा मधेच उठून गेला, बाहेर त्याची गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. एकजण म्हणाले, "मग तेव्हा ती बोलली का नाही?" मी म्हटलं, "बोलली होती. मी लिहूनही घेतलं होतं," आणि वहीतला समास वाचून दाखवला. बाबांना हल्ली कमी ऐकू येतं. सगळं संपल्यावर ते म्हणाले, "पुन्हा वाच." मी पुन्हा वाचलं. मग ते चष्मा पुसत बसले, ते आई त्यांना उठवेपर्यंत.

आता नळीचं. दोन वेळा तपासणीला काढलं, तेही तुला न विचारता. आता बोटाच्या एका पेराएवढं उरलंय. मॅडमची परवानगी घेतलीय. तू येशील त्या दिवशी ती नळी तुझी, बर्फाचा डबा मी तयार ठेवते. नेऊन काय करायचं ते मी विचारणार नाही.

वहीत तो दिवस उघडला. "तेवीस, उजवा सड. दूध पाच मिली. रंग पिवळसर." पिवळसर लिहिलंय मी! डोळ्यांना दिसत होतं, हातानं लिहीत होते, आणि डोकं मात्र रकाना भरल्याच्या आनंदात होतं. ती ओळ आता खोडलीय. तेवीस नंबरनं त्या दिवशी दूध दिलं नाही. तो रकाना रिकामा आहे, छापून येईल तेव्हाही रिकामाच राहील.

नळीवरची मेंढीची चिठ्ठीही सोलून काढली. नवी चिकटवलीय, पण तिच्यावर काय लिहावं ते मला सुचेना. मुलीचं नाव ठरवलं होतंस का गं तू? मी कधी विचारलंच नाही.

चिठ्ठी कोरी ठेवलीय. तू येऊन लिही.

वहीबाई